नडगी त्याची मोडली, बदली आमची गेली

गेल्या जानेवारीत नेरुळच्या एका मातीच्या मैदानावर सतरा वर्षांखालच्या मुलांची फुटबॉल स्पर्धा होती. उपांत्य सामना, शून्य-शून्य, संपायला बारा मिनिटं बाकी. एका सामन्यात तीनच बदल्या, म्हणजे तीनच खेळाडू बदलता येणार, असा स्पर्धेचा नियम. आमच्या तिन्ही होऊन गेल्या होत्या. शेवटची तर दोनच मिनिटांपूर्वी, मधल्या फळीतल्या मुलाच्या पोटरीत गोळा आला म्हणून. तेवढ्यात आमच्या उजव्या बगलेच्या मुलाने त्यांच्या डाव्या बॅकला, म्हणजे बचावपटूला, चकवलं. बॅक मागे पडला आणि मागूनच दोन्ही पाय पुढे टाकून घसरत आला. चेंडू तोवर दोन हात पुढे निघून गेला होता.

मी धावत पोचलो तेव्हा मुलगा आडवा पडला होता, पण ओरडत नव्हता. मोजा खाली केला तर शिनगार्ड मधोमध चिरलेलं आणि त्याखाली नडगीवर बुटाच्या स्टडचे तीन ठसे. रेफरीने पिवळं कार्ड काढलं. दोघांनी खांदा देऊन त्याला रेषेबाहेर आणलं, कुणीतरी गेटवरच्या उसाच्या रसाच्या गाडीवरून बर्फ आणला. मुलगा माझा हात धरून म्हणाला, "सर, मी नुसता कोपऱ्यात उभा राहतो. दहाजणांनी नका खेळू." मी नाही म्हणालो. तो पुन्हा उठायला लागला तेव्हा त्याला दाबून बसवावं लागलं.

चार मिनिटांनी त्यांच्या प्रशिक्षकाने तो बॅक बाहेर घेतला. त्याच्या नावावर पिवळं कार्ड होतं, दुसरं मिळालं असतं तर संघ दहावर आला असता. त्यांची एक बदली शिल्लक होती. ताज्या दमाचा मुलगा आत आला. यात गैर काही नाही, त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. शेवटच्या तीन मिनिटांत आमच्या उजव्या बाजूने, जिथे आता कोणी नव्हतं तिथून, क्रॉस आला आणि गोल झाला. आम्ही एक-शून्यने हरलो.

संध्याकाळी एक्स-रे निघाला. नडगीच्या हाडाला तडा, सहा आठवडे प्लास्टर. मुलाचे वडील एपीएमसी मार्केटमध्ये माथाडी काम करतात, पाळी सोडून तसेच आले होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी मला विचारलं, "सर, ज्यानं मारलं त्यांचा माणूस बदलला. मग आपला का नाही बदलला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते नियमात नाही.

फुटबॉलचा कायदा फाउल करणाऱ्याला शिक्षा देतो: फ्री किक, पेनल्टी, पिवळं कार्ड, लाल कार्ड. ज्याच्यावर फाउल झाला त्याच्या संघाचं जे नुकसान झालं, ते भरून देण्याची सोय मात्र त्यात जवळजवळ नाहीच. फ्री किकही तोडगा आहे तो गेलेल्या चेंडूपुरता, मोडलेल्या पायापुरता नाही. जखमी खेळाडूच्या जागी दुसरा आणायचा तर तो आपल्याच खात्यातून आणायचा. खातं रिकामं असेल तर दहाजणांनी खेळायचं.

शिक्षा आणि भरपाई या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मैदानाबाहेर आपल्याला चांगलं कळतं. सायन-पनवेल महामार्गावर एखाद्याने बेदरकारपणे गाडी चालवून कुणाला उडवलं, तर पोलीस त्याच्यावर गुन्हा दाखल करतात. ती शिक्षेची वाट. जखमी माणूस किंवा त्याचं घर ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातं. ती भरपाईची वाट. चालकाला तुरुंगवास झाला म्हणून जखमीच्या इस्पितळाचा खर्च त्याने स्वतःच सोसावा, असं कोणी म्हणत नाही. मग मैदानावर "त्याला कार्ड दिलं ना, झालं की मग" हे उत्तर आपण इतक्या सहज का मान्य करतो?

मुळात बदली खेळाडू फुटबॉलमध्ये आला तो जखमी माणसासाठीच. इंग्लंडच्या लीगमध्ये १९६५-६६ च्या हंगामात पहिल्यांदा एका बदलीची परवानगी मिळाली, तीही फक्त दुखापत झाली तरच. दोन वर्षांत ती अट गेली आणि कोणत्याही कारणाने बदली करता येऊ लागली. विश्वचषकात बदल्या आल्या १९७० साली, दोन. पुढे दोनाच्या तीन झाल्या. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, तात्पुरत्या म्हणून पाच झाल्या आणि २०२२ पासून त्या कायमच्या झाल्या. या सगळ्या वाटचालीत बदली हे प्रशिक्षकाच्या हातातलं डावपेचाचं हत्यार झालं. ताजे पाय, वेगळी रचना, वेळ काढणं. मला त्याबद्दल तक्रार नाही, खेळ त्यामुळे रंगतदार झाला आहे. पण ज्याच्यासाठी ही सोय सुरू झाली त्या जखमी खेळाडूचा वेगळा हिशेब वाटेत कुठेतरी सुटून गेला.

बदल्या नव्हत्या तेव्हाची अवस्था पाहायची असेल तर १९६६ च्या विश्वचषकातला ब्राझीलचा पेले आठवावा. लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर पोर्तुगालच्या जुआंव मोराइसने त्याला पाडलं आणि तो सावरतो न सावरतो तोच पुन्हा पाडलं. मोराइस मैदानावरच राहिला. पेलेही राहिला, कारण त्याच्या जागी कोणाला आणताच येत नव्हतं. उरलेला सामना तो लंगडत खेळला. ब्राझील ३-१ ने हरून गटातच बाद झाला. चार वर्षांनी मेक्सिकोत, इटलीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात, जर्मनीचा फ्रान्झ बेकेनबाउअर खांदा निखळलेला असताना हात छातीशी बांधून जादा वेळेत खेळला. आता बदल्या होत्या, पण जर्मनीच्या दोन्ही संपल्या होत्या. ते छायाचित्र आजही शौर्याचं म्हणून दाखवतात. मलाही लहानपणी ते तसंच वाटायचं. आता पाहताना मला आमच्या मुलाचा हात आठवतो आणि "मी नुसता कोपऱ्यात उभा राहतो" हे त्याचं वाक्य. नियमाने दुसरी वाट ठेवली नाही की पोरं अशी उभी राहतात.

पण या विषयातलं सगळ्यात बोचणारं उदाहरण १९८२ चं आहे. स्पेनमधलं सेव्हिया शहर, फ्रान्स विरुद्ध पश्चिम जर्मनी, विश्वचषकाचा उपांत्य सामना. पॅट्रिक बातिस्ताँ दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला बदली म्हणून आला होता. दहाएक मिनिटांत तो एकटा चेंडू घेऊन गोलकडे निघाला आणि गोलरक्षक हाराल्ड शुमाखर हवेत झेपावून कंबरेने त्याच्या तोंडावर आदळला. बातिस्ताँ बेशुद्ध पडला, दात गेले, मणक्याला इजा झाली. रेफरीने फाउलसुद्धा दिला नाही, गोलकिक दिली, म्हणजे चेंडू जर्मनीलाच. बातिस्ताँच्या जागी फ्रान्सला दुसरा माणूस आणावा लागला आणि त्या वेळी मिळणाऱ्या दोन्ही बदल्या तिथेच संपल्या. सामना जादा वेळेत गेला तेव्हा फ्रान्सकडे एकही ताजा पाय उरला नव्हता. ३-१ अशी आघाडी घेऊनही त्यांनी ती घालवली. ३-३ वर पेनल्टी झाल्या आणि त्यांतल्या दोन शुमाखरने अडवल्या. रेफरीची चूक बाजूला ठेवू. समजा फाउल दिला असता, पिवळं कार्डही दाखवलं असतं, तरी बदल्यांचा हिशेब तोच राहिला असता. फ्रान्सचा माणूस इस्पितळात, फ्रान्सचीच बदली खर्च.

आज पाच बदल्या आहेत, आता हा प्रश्न उरलाच नाही, असं म्हणणारे भेटतात. वरच्या पातळीवर प्रश्न कमी झाला आहे, हे खरं. संपलेला नाही. पाच बदल्या असल्या तरी त्या करायला सामन्यात तीनच वेळा थांबता येतं, मध्यंतर सोडून. तीनदा थांबून चार माणसं बदलली असतील तर पाचवा बाकावर बसून राहतो, समोर कोणाचाही पाय मोडो. आणि आमच्याकडे, नवी मुंबई-ठाण्याच्या मैदानांवर, कित्येक स्पर्धांत अजून तीनच बदल्या असतात, संघात जेमतेम चौदा-पंधरा मुलं असतात. एक जखमी झाला की सगळं कोलमडतं.

नियम बनवणाऱ्यांना हे तत्त्व अगदीच मान्य नाही असंही नाही. पूर्वी मैदानावर उपचार घेतलेल्या खेळाडूला रेषेबाहेर जाऊन रेफरीच्या खुणेची वाट पाहावी लागायची. म्हणजे ज्याला मारलं त्याचा संघ काही वेळ दहाजणांचा आणि मारणारा आत. २०१६ मध्ये हे बदललं. ज्या फाउलबद्दल समोरच्याला पिवळं किंवा लाल कार्ड मिळालं, त्यात जखमी झालेल्या खेळाडूवर झटपट उपचार होत असतील तर त्याने बाहेर जायची गरज नाही. माझं म्हणणं याच वाक्याची पुढची पायरी आहे: कार्डाच्या फाउलमुळे जखमी होऊन बाहेर गेलेल्याच्या जागी येणारी बदली मोजणीत धरू नये. कार्डाच्या फाउलमध्ये दुखावलेला खेळाडू लगेच उभा राहिला तर त्याच्या संघाचं नुकसान होऊ नये, हे तुम्ही मान्य केलंत. मग तो उभाच राहू शकला नाही तर? नुकसान मोठं झालं की सोय नाहीशी व्हावी, हे कुठलं गणित?

डोक्याला मार लागल्यावरची वेगळी बदली ही दुसरी पायरी. २०२१ मध्ये तिचे प्रयोग सुरू झाले आणि २०२४ पासून ती नियमात पर्याय म्हणून आली. ही बदली नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. खेळाडूने चक्कर लपवून खेळत राहू नये, प्रशिक्षकालाही त्याला बाहेर काढताना हात आखडावा लागू नये, म्हणून ती आणली. उत्तम नियम आहे. पण त्यात एक कलम असं आहे की एका संघाने ही बदली वापरली की समोरच्या संघालाही एक जादा बदली मिळते, कोणत्याही कारणासाठी. दोघांची डोकी हवेत आपटली तर हे बरोबरच आहे. पण समोरच्याने कोपर मारून डोकं फोडलं असेल तर? कोपर मारणाऱ्याच्या संघालाही एक ताजा खेळाडू बक्षीस. ही तरतूद वाचली तेव्हा मी दोनदा पडताळून पाहिली.

रग्बीने हे केव्हाच सोडवलं आहे. तिथे डावपेचासाठी बाहेर काढलेला खेळाडू सहसा परत येऊ शकत नाही. पण समोरच्याच्या गैरखेळामुळे कोणी जखमी झाला आणि सामनाधिकाऱ्यांनी त्याला दुजोरा दिला, तर बाहेर गेलेला त्याच्या जागी पुन्हा आत येतो. ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगने तर २०२१ मध्ये सतराजणांच्या संघाबाहेरचा अठरावा खेळाडू राखून ठेवण्याची सोय आणली. गैरखेळाने कोणाचा सामना संपला आणि मारणाऱ्याला बाहेर पाठवलं गेलं, तर हा अठरावा उतरू शकेल, असा तो नियम. फुटबॉलपेक्षा कितीतरी जास्त अंगावर येणारे हे खेळ. त्यांना हा फरक करता आला.

आता मुख्य आक्षेप, आणि तो हलका नाही. पोरं नाटक करतील. ऐंशीव्या मिनिटाला दमलेला खेळाडू पिवळ्या कार्डाचा फाउल झाला की लोळायला लागेल, प्रशिक्षक डोळा मारेल आणि फुकटची बदली पदरात पडेल. फुटबॉलमध्ये लोळणारे किती आहेत हे मला कोणी सांगायला नको, दर रविवारी मी ते पाहतो.

रग्बीतही हे झालं. २००९ मध्ये हार्लेक्विन्स या इंग्लिश क्लबच्या टॉम विल्यम्सने तोंडात बनावट रक्ताची कॅप्सूल फोडली, कारण रक्त आल्यावर मिळणाऱ्या बदलीच्या नियमाने क्लबला हवा तो खेळाडू परत आत आणायचा होता. प्रकरण उघड झालं. विल्यम्सवर बंदी आली, प्रशिक्षक डीन रिचर्ड्सवर तीन वर्षांची बंदी आली. पण रक्त आल्यावरची बदली रग्बीने रद्द केली नाही. खोटे दावे होतात म्हणून आपण अपघाताची न्यायाधिकरणं बंद करत नाही, तसंच हे.

शिवाय ही सवलत मिळायला पहिली अट कार्डाची, आणि कार्ड लोळणाऱ्याच्या हातात नाही. फाउल निष्काळजीपणाचा असेल तर कार्ड नाही, बेदरकार असेल तर पिवळं, जादा बळ वापरून समोरच्याला धोका केला असेल तर लाल, अशी पायरी नियमात आधीच आहे. रेफरीला नवं काही ठरवायचं नाही. दुसरी अट, बाहेर गेलेला त्या सामन्यात परत येणार नाही. तिसरी, एका सामन्यात एका संघाला अशी एकच बदली. एवढं करूनही एखादा दमलेला खेळाडू फायदा उकळेल का? उकळेल, कधीतरी. पण तेव्हाही समोरच्याने कार्डाचा फाउल केलेलाच असेल. फाउल करणाऱ्याच्या पदरात थोडं जास्त नुकसान पडलं तर मला झोप येईल. आज जे फाउल सोसणाऱ्याच्या पदरात पडतं आहे, त्याने येत नाही.

काठावरून एक दुसरी मागणी नेहमी ऐकू येते: ज्याने मारलं तोही बाहेर, आमचा मुलगा परत येईपर्यंत. त्या दिवशी आमच्या मुलांचे काका-मामा हेच ओरडत होते आणि तो राग मला समजतो. तरी ही मागणी मला पटत नाही. तोच पाय, तोच वेग, पण एकाचं हाड मजबूत निघतं आणि दुसऱ्याचं मोडतं. हाड मोडलं की नाही यावर शिक्षा ठरायला लागली तर मारणाऱ्याचं नशीब त्याची शिक्षा ठरवेल. शिक्षा कृत्याला असावी. भरपाई मात्र नुकसान पाहून द्यायची असते, आणि तिच्यासाठी समोरच्याचं काही काढून घ्यावं लागत नाही. बाकावर बसलेला आमचाच एक मुलगा आत सोडायचा आहे.

निव्वळ अपघातासाठी मी ही मागणी करत नाही, हेही सांगून टाकतो. पाय मुरगळला, उडी मारताना गुडघा फिरला, दोघं सरळ चेंडूसाठी गेले आणि आपटले, हे खेळाचं नशीब. क्रिकेटवाले आता त्याच्याही पुढे चालले आहेत. २०२५ च्या जुलैत मँचेस्टरला ऋषभ पंत मोडलेल्या पावलाने लंगडत फलंदाजीला उतरला, तेव्हा आपल्याकडे घराघरांत वाद झाला. पुढे बीसीसीआयने देशांतर्गत बहुदिवसीय सामन्यांत गंभीर दुखापतीला बदली खेळाडूची सोय केली. तिथे तर कोणी फाउलही केला नव्हता. फुटबॉलमध्ये रेफरी डोळ्यांदेखत कार्ड काढून सांगतो की चूक याची आहे, आणि तरीही बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं.

झ्युरिकमधलं फुटबॉलचे नियम बनवणारं मंडळ नियम बदलेपर्यंत थांबायची आपल्याला गरज नाही, ही यातली जमेची बाजू. तळागाळाच्या आणि मुलांच्या फुटबॉलमध्ये बाहेर गेलेला खेळाडू परत आत आणायची मुभा नियमांत आहे, राष्ट्रीय संघटनेच्या संमतीने. याच नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने झाले, २०२२ मध्ये मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली. खारघरला सिडकोने फुटबॉलची मैदानं उभी केली. गेल्या दहा वर्षांत या शहरात फुटबॉलला जागा मिळाली, बूट घातलेली मुलं हार्बर लाइनच्या गाडीत दिसायला लागली. त्यांतली बरीच मुलं अशा घरांतून येतात जिथे सहा आठवड्यांचं प्लास्टर म्हणजे आईचे कामावरचे खाडे आणि उधारीची रिक्षा. स्पर्धेच्या पत्रकावर एक ओळ जास्त लिहायला काही खर्च येत नाही.

ती ओळ मी लिहून काढली आहे. "समोरच्या संघाच्या खेळाडूला ज्या फाउलबद्दल पिवळं किंवा लाल कार्ड दाखवलं गेलं, त्या फाउलमुळे खेळाडू पुढे खेळू शकत नसेल, तर त्याच्या जागी येणारा खेळाडू बदल्यांच्या संख्येत किंवा थांब्यांत मोजला जाणार नाही. बाकावर कोणी उरलं नसेल तर आधी बाहेर गेलेला खेळाडू परत येऊ शकेल. जखमी खेळाडू त्या सामन्यात परत खेळणार नाही. प्रत्येक संघाला सामन्यात एकदाच. समोरच्या संघाला याबदल्यात जादा बदली नाही."

शेवटच्या वाक्यावर आयोजकांपैकी दोघांची हरकत आहे. समोरच्या मुलांवर अन्याय होईल, असं त्यांना वाटतं. मी त्यांना १९८२ ची चित्रफीत पाठवली आहे. डिसेंबरमध्ये पुढच्या स्पर्धेची बैठक आहे आणि मुलाच्या वडिलांनाही मी तिथे बोलावलं आहे. मुलगा जूनपासून पुन्हा पळायला लागला आहे. उजव्या पायाने टॅकलमध्ये जाताना अजून कचरतो.